शौर्यपदक हे तारण नव्हे

रँडी कनिंगहॅम २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांच्याविषयीच्या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. १९७२ साली व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी शत्रूची पाच मिग विमानं पाडली. आणि पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बसून त्यांनी किमान २४ लाख डॉलर्सची लाच घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, चांगला सैनिक राजकारणात जाऊन बिघडला एवढंच, असं सहसा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. शौर्यामुळे माणूस लाचखोर होतो असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या शौर्याच्या दबदब्यामुळेच त्यांची लाचखोरी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून कुणाला दिसली नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी इथे मांडणार आहे.

(अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस. मराठीत त्या शब्दाने भलताच पक्ष डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी सरळ संसद म्हणतो.)

आधी शौर्य, कारण ते अस्सल होतं. १० मे १९७२ रोजी 'कॉन्स्टेलेशन' या विमानवाहू नौकेवरून एक एफ-४ फँटम उडालं. पुढे कनिंगहॅम, मागच्या आसनावर रडार सांभाळणारे विली ड्रिस्कॉल. त्या एका दिवसात या जोडीने तीन मिग पाडली. आधीची दोन धरून पाच. परतीच्या वाटेवर क्षेपणास्त्राने त्यांचं विमान पेटवलं. जमिनीवर उडी घेतली असती तर उत्तर व्हिएतनामची कैद ठरलेली. कनिंगहॅम यांनी ते जळतं विमान रेटत रेटत समुद्रापर्यंत आणलं, मगच दोघांनी उडी मारली आणि हेलिकॉप्टरने त्यांना पाण्यातून उचललं. त्या युद्धात अमेरिकी नौदलाला पाच विमानं पाडणारी ही एकच जोडी लाभली. कनिंगहॅम यांना नेव्ही क्रॉस मिळाला. आपल्याकडे परमवीर चक्राखालोखाल महावीर चक्र, तशी तिथे त्या पदकाची पायरी. पुढे मिरामारच्या तळावर त्यांनी तरुण लढाऊ वैमानिकांना शिकवलं आणि १९८७ साली ते नौदलातून निवृत्त झाले.

सॅन डिएगो हे नौदलाचं शहर. तिथे 'ड्यूक' या टोपणनावाने ओळखला जाणारा हा वैमानिक १९९० साली रिपब्लिकन पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला. समोर जिम बेट्स हे डेमोक्रॅट खासदार होते. कार्यालयातल्या स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल सभागृहाच्या आचारसंहिता समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला होता. अशा वेळी मतदारांना स्वच्छ माणूस हवा असतो, आणि ज्याचा अभिमान वाटेल असा खासदार देतो, हाच कनिंगहॅम यांचा प्रचार होता. ते निवडून आले आणि नंतर लागोपाठ सात वेळा येत राहिले. बँक कर्ज देताना तारण मागते. इथे मतदारांनीही तारण घेतलं होतं, ते म्हणजे ते पदक. चूक तिथेच झाली. रणांगणावरचं धैर्य त्या माणसाचं स्वतःचं असतं आणि त्याने ते स्वतःचा जीव पणाला लावून सिद्ध केलेलं असतं. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणं ही वेगळी परीक्षा आहे, ती त्याने दिलेलीच नसते.

संसदेत कनिंगहॅम दोन मोक्याच्या जागी जाऊन बसले: खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीची संरक्षणविषयक उपसमिती, आणि गुप्तचर समिती. अमेरिकेत तेव्हा एक पद्धत जोरात होती. खासदार अर्थसंकल्पाच्या विधेयकात एखादी ओळ घालून घ्यायचा की अमुक कामाला इतके डॉलर्स. त्या ओळीपुढे त्याचं नाव नसायचं. खात्याने ते काम मागितलेलंही नसायचं. विधेयक शेकडो पानांचं, आणि संरक्षण व गुप्तचर खात्यांचा बराचसा खर्च तर गोपनीयच. कुणाच्या सांगण्यावरून कुणाला पैसे गेले याचा माग लागणं जवळपास अशक्य. अशा अंधारात सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे समितीतला शब्द, आणि लढाऊ विमानातून आलेल्या माणसाने 'हे सैन्याला हवं आहे' म्हटल्यावर त्याला आडवं कोण जाणार?

मिचेल वेड नावाच्या माणसाने हे नेमकं हेरलं. त्याच्या एमझेडएम या कंपनीकडे २००२ पूर्वी फारसं सरकारी काम नव्हतं. पुढच्या तीनेक वर्षांत तिला पंधरा कोटी डॉलर्सहून अधिकची कामं मिळाली. ब्रेंट विल्क्स हा दुसरा कंत्राटदार कागदपत्रं संगणकावर चढवण्याची कामं घ्यायचा. बदल्यात कनिंगहॅम यांना काय मिळालं याची यादी वाचताना मन विटतं: रोल्स रॉइस गाडी, जुन्या जमान्यातलं महागडं फर्निचर, गालिचे, घराच्या कर्जाची फेड, प्रवास, हॉटेलं. आणि वॉशिंग्टनच्या धक्क्यावर उभी असलेली एक नौका. ती वेडच्या मालकीची होती, राहायचे कनिंगहॅम, आणि तिचं नाव होतं 'ड्यूक-स्टर'.

सरकारी वकिलांनी शिक्षेच्या सुनावणीसाठी एक कागद न्यायालयापुढे ठेवला. संसदेची मुद्रा असलेला खासदाराचा कागद, त्यावर हाताने लिहिलेले दोन रकाने. डावीकडे कंत्राटाची रक्कम दशलक्षांत, उजवीकडे त्यासाठी द्यायची लाच हजारांत. सोळापुढे लिहिलं होतं 'बीटी १४०', म्हणजे १ कोटी ६० लाखांचं काम हवं असेल तर १ लाख ४० हजारांच्या बोटीची मालकी नावावर करायची. त्यापुढच्या दर दहा लाखांना ५० हजार. दोन कोटींच्या वर गेल्यावर दर उतरायचा, दर दहा लाखांना २५ हजार. मोठ्या गिऱ्हाईकाला सूट द्यावी तसा. मला या कागदात सगळ्यात जास्त काय खुपतं, तर त्यावरची ती मुद्रा. चोरी लपवायची असते याचंही भान सुटलं होतं. इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, आता कुणी विचारणार नाही, ही खात्री त्या कागदावर दिसते.

विचारलं ते एका बातमीदाराने. मार्कस स्टर्न हे कोप्ली न्यूज सर्व्हिसच्या वॉशिंग्टन कार्यालयात होते. कनिंगहॅम यांनी केलेल्या सौदी अरेबियाच्या दौऱ्यांचं कारण त्यांना कळेना, म्हणून त्यांनी या खासदाराची राहणी आणि मिळकत ताडून पाहायला घेतली. त्यात मालमत्तेच्या नोंदी आल्या. कनिंगहॅम यांनी डेल मार हाइट्समधलं आपलं घर २००३ च्या नोव्हेंबरमध्ये १६ लाख ७५ हजार डॉलर्सना विकलं होतं. घेणाऱ्याने ते लगेच विक्रीला काढलं आणि बऱ्याच महिन्यांनी ९ लाख ७५ हजारांना विकलं. म्हणजे सात लाखांचा तोटा, तोही सॅन डिएगोत घरांचे भाव चढत असताना. आपल्याकडे साधं खरेदीखत वाचणारा माणूसही इथे थबकेल. घर घेणारी कंपनी वेडची होती. १२ जून २००५ रोजी बातमी छापून आली. १ जुलैला तपास अधिकारी कनिंगहॅम यांच्या घरी, त्या नौकेवर आणि एमझेडएमच्या कार्यालयात एकाच दिवशी पोहोचले. २८ नोव्हेंबरला कनिंगहॅम यांनी गुन्हा कबूल केला, आणि न्यायालयाबाहेर रडत रडत सांगितलं की आपण कायदा मोडला, ते लपवलं आणि आपल्या पदाला काळिमा फासला.

३ मार्च २००६ रोजी न्यायाधीश लॅरी बर्न्स यांनी त्यांना ८ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा दिली. तोवर संसदेच्या कुठल्याही सदस्याला झालेली ही सगळ्यात मोठी शिक्षा होती. तुम्ही पावसात भिजत नव्हता, थंडीने कुडकुडत नव्हता, उपाशी नव्हता, तरी तुम्ही हे केलंत, असं न्यायाधीशांनी त्यांना सुनावलं. वेडला अडीच वर्षं, विल्क्सला बारा. विल्क्सचा जिवलग मित्र, सीआयएचा तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, तोही या धाग्याने तुरुंगात गेला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ती नौका राजधानीच्या धक्क्यावर दिवसाढवळ्या उभी होती. तिच्यावर खासदाराचं टोपणनाव रंगवलेलं होतं. समितीतले सहकारी होते, पक्षाचे नेते होते, समोर विरोधी पक्ष होता, संरक्षण खात्यात कंत्राटं तपासणारे अधिकारी होते, सभागृहाची आचारसंहिता समिती होती. खासदाराच्या पगारात हे कसं बसतं हा हिशेब शाळकरी पोरानेही मांडला असता. मग तो कुणी मांडला नाही, ते का? काहींचे स्वतःचे हितसंबंध असतील. पण सगळ्यांचे नव्हते. मला वाटतं, ज्याने देशासाठी जळत्या विमानात बसून समुद्र गाठला, त्याला 'ही बोट कुणाची?' विचारणं सभ्य माणसांना कोतेपणाचं वाटलं. आदर वाटणाऱ्यांचा हात आधी कानावर जातो, मग डोळ्यांवर. आणि कनिंगहॅम यांना ते पुरतं ठाऊक होतं. आपल्या युद्धकथा ते आयुष्यभर सांगत राहिले.

यावर कुणी म्हणेल, सैनिकाकडे संशयाने पाहायचं का? ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांची अशी झडती घ्यायची? आक्षेप मनापासूनचा आहे. आपल्याकडेही ज्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो, तिथे हा प्रश्न ऐकणाऱ्याला झोंबेल. पण उत्तर खुद्द सैन्याकडेच आहे. विमानवाहू नौकेवरून उडताना पाच विमानं पाडलेला वैमानिक आणि कालचा नवखा, दोघांनाही तीच तपासणी यादी ओळीने वाचावी लागते. इंधन, शस्त्रं, दुरुस्तीची वही, सगळ्यावर कुणाची तरी सही असते. मोहिमेवरून परतल्यावर कुठे चुकलं याची चिरफाड होते आणि त्यात हुद्दा मध्ये येत नाही. तुमच्या छातीवर पदक आहे, तुमचं विमान तपासायला नको, असं नौदलात कुणी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर माणसं मरतील. कनिंगहॅम यांनी स्वतः हीच शिस्त मिरामारला शिकवली होती. सैनिकाला संसदेत पाठवून तीच शिस्त काढून घेणं हा त्याचा सन्मान नाही. उलट, ज्या वातावरणात तो सरळ राहिला होता ते आपण हिरावून घेतो.

प्रकरण उघडकीस आल्यावर काही सुधारणा झाल्या, आणि त्या खऱ्याखुऱ्या होत्या. २००७ पासून विधेयकातल्या अशा प्रत्येक ओळीपुढे ती मागणाऱ्या सदस्याचं नाव छापणं सक्तीचं झालं. लाच खाऊन दोषी ठरलेल्या खासदाराचं संसदीय निवृत्तिवेतन थांबवण्याचा कायदाही त्याच वर्षी आला. कनिंगहॅम यांचं मात्र त्याआधीच्या नियमांनुसार चालू राहिलं. २००८ साली सदस्यांविरुद्धच्या तक्रारींची छाननी करायला, स्वतः सदस्य नसलेल्या लोकांचं एक कार्यालय नेमलं गेलं. २०११ ला ती ओळी घालण्याची पद्धतच बंद झाली. २०२१ मध्ये ती परत आली, पण मागणारा कोण, पैसे कुणाला, आपला त्यात आर्थिक संबंध नाही याची लेखी हमी, हे सगळं जाहीर करण्याच्या अटीसह. मला हा बदल मोलाचा वाटतो. त्यात खासदाराच्या चारित्र्यावर काहीच सोडलेलं नाही.

दुसरीकडे जे मोडलं त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. या शोधाबद्दल कोप्ली न्यूज सर्व्हिस आणि सॅन डिएगो युनियन-ट्रिब्यून यांना २००६ चा पुलित्झर मिळाला. २००८ च्या अखेरीस कोप्लीने आपलं वॉशिंग्टनचं कार्यालयच बंद केलं, पुढच्या वर्षी वृत्तपत्र विकलं गेलं. जाहिराती आटल्या होत्या, हे कारण समजण्यासारखं आहे. परिणाम तोच. सॅन डिएगोच्या खासदारांवर राजधानीत रोज नजर ठेवणारी जी खोली होती, तिचे दिवे पुरस्कारानंतर तीन वर्षांच्या आत विझले. खटला चालवणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुख कॅरल लॅम यांनाही २००६ च्या डिसेंबरमध्ये, देशभरातल्या आणखी सहा जणांसोबत, पद सोडायला सांगण्यात आलं. त्यामागच्या हेतूवरून बराच वाद झाला आणि त्यात मी शिरत नाही.

आणि मग तीच चूक पुन्हा. कनिंगहॅम शेवटी ज्या मतदारसंघाचे खासदार होते त्याचा क्रमांक कॅलिफोर्निया ५०. पुढे सीमा बदलल्या, पण त्याच क्रमांकाच्या, त्याच परिसरातल्या मतदारसंघातून डंकन हंटर निवडून येऊ लागले. तेही सैनिक, इराक आणि अफगाणिस्तानात लढलेले मरीन अधिकारी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर निवडणूक निधीतले अडीच लाख डॉलर्स घरखर्चाला, सहलींना, अगदी पाळलेल्या सशाच्या विमान तिकिटालाही वापरल्याचा आरोप ठेवला गेला. आरोपपत्र समोर असताना नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. मतदारांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यापुढे पक्ष होता, गणवेश होता, आणि दूरच्या न्यायालयातलं एक जाडजूड आरोपपत्र होतं. त्यांनी ओळखीच्या गोष्टीवर विश्वास टाकला.

हंटर यांना ११ महिन्यांची शिक्षा झाली, पण ती सुरू होण्याआधीच २०२० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. पुढच्या महिन्यात, पद सोडण्याच्या दिवशी, त्यांनी कनिंगहॅम यांनाही सशर्त माफी दिली. निवेदनात लढाईत आलेलं अपंगत्व, अग्निशमन दलातली स्वयंसेवा, तुरुंगात इतर कैद्यांना शिकवणं, अशी कारणं होती. कनिंगहॅम २०१३ सालीच सुटले होते, त्यामुळे या माफीने तुरुंगवास टळला नाही. एक वृद्ध माणूस उरलेले दिवस बिनडागाने काढू इच्छित होता, यात मला निर्दयपणे बोट घालायचं नाही. प्रश्न त्याच्या दुःखाचा नाही, माफीच्या अधिकाराचा आहे. ही सवय कुठल्या एका पक्षाचीही नाही: टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरलेल्या डॅन रोस्टेनकोव्स्की या बलाढ्य डेमोक्रॅट खासदाराला क्लिंटन यांनी २००० साली माफ केलं होतं. लोकप्रतिनिधीचा गुन्हा जनतेविरुद्धचा असतो. तो माफ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे एकट्याकडे, कारण न देता, बंद दाराआड असावा हे मला अन्यायाचं वाटतं. निदान संसद सदस्यांच्या बाबतीत तरी माफीपूर्वी उघड सुनावणी व्हावी आणि खटला चालवणाऱ्यांचं म्हणणं नोंदलं जावं. अमेरिकेच्या राज्यघटनेत आज तशी सोय नाही. ती करायला घटनादुरुस्ती लागेल, आणि ती अवघड आहे म्हणून मागणी सोडायची नसते.

आपल्याकडच्या एका योगायोगाची नोंद इथे करायलाच हवी. कनिंगहॅम यांनी गुन्हा कबूल केल्यानंतर दोनच आठवड्यांनी, १२ डिसेंबर २००५ रोजी, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे भारतीय खासदार छुप्या कॅमेऱ्यात दिसले. ११ दिवसांत संसदेने ११ जणांना बडतर्फ केलं. त्यात दोघे खानदेशातले, जळगाव आणि एरंडोलचे. इथेही उघडकीला आणलं ते बातमीदारांनीच. भाषण आणि मतदानाच्या स्वातंत्र्याआड लाच लपू शकत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका सिनेटरच्या खटल्यात १९७२ च्या जूनमध्ये सांगितलं, म्हणजे कनिंगहॅम यांच्या त्या उड्डाणानंतर दोन महिन्यांच्या आत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली याच्या उलट निकाल दिला होता. तो बदलायला ४ मार्च २०२४ उजाडावं लागलं.

कायदे हवेतच, आणि शिक्षाही हव्यात. तरी मला पुन्हा पुन्हा आठवतं ते सॅन डिएगो काउंटीचं नोंदणी कार्यालय. कनिंगहॅम यांचं घर घेणाऱ्या कंपनीला वेडने वेगळं नाव शोधण्याचे कष्टही घेतले नव्हते. '१५२३ न्यू हॅम्पशायर अव्हेन्यू' एवढंच नाव, आणि तोच एमझेडएमच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्य कार्यालयाचा पत्ता. ती नोंद सार्वजनिक होती, कुणीही जाऊन पाहावी अशी. २००३ च्या नोव्हेंबरपासून २००५ च्या जूनपर्यंत, तब्बल १९ महिने ती तिथे होती. मधल्या काळात एक सार्वत्रिक निवडणूकही होऊन गेली, आणि कनिंगहॅम ती आरामात जिंकले.